खोलीचे तापमान : सत्तावीस

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं तापमान सत्तावीस अंश सेल्सिअस होतं. डिसेंबरात सत्तावीस, मार्चात सत्तावीस, वरच्या पत्र्यावर पापड भाजून निघावेत असं ऊन पडलेलं असताना सत्तावीस. हवामान खात्याला याचा पत्ता नव्हता. कोपरगावापासून जामखेडपर्यंत सगळा जिल्हा करपत असताना आमच्या त्या एका खोलीत कायमचं महाबळेश्वर लागलेलं होतं, आणि त्या महाबळेश्वरची प्रमुख मी होते.

मी भौतिकशास्त्र शिकवते. पुणतांब्याच्या पुढं गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका गावात, अकरावी-बारावीला. शाळेत शिक्षक कमी पडले की नववी-दहावीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात येतं, म्हणजे दरवर्षीच येतं. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. माणसाला खरं बोलण्याची हिंमत साधारण याच सुमारास येते, तेव्हा माझ्या हिंमतीचं फार कौतुक करू नका.

या विषयाबद्दल बाहेरच्या माणसांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: तो अवघड असतो आणि त्यात मार्क मिळत नाहीत. दर जूनमध्ये प्रवेशाला पालक येतात. मागं एक बागायतदार आले होते. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, मागं मान खाली घातलेला मुलगा.

"मॅडम, पोराला सायन्स द्यायचंय."

"द्या की."

"पर फिजिक्स सोडून मिळंल का?"

मी म्हणाले, "दादा, मीठ सोडून भाजी देता येते. पीठ सोडून भाकरी कशी देऊ?"

ते विचारात पडले आणि म्हणाले, "मंग वरच्या माळ्यावर इचारून बघतो." वरच्या मजल्यावर प्राचार्य बसतात. प्राचार्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण मुलगा माझ्या हजेरीपटावर आला. वर्गात मात्र आला नाही. तो लातूरला क्लासला होता. हल्ली हीच पद्धत आहे: नाव आमच्याकडं, मुलगा लातूरला आणि हजेरी देवाच्या भरवशावर. माझ्या बारावीच्या पटावर चाळीस नावं असतात आणि बाकांवर चौदा डोकी. बाकीच्यांची आणि माझी भेट थेट फेब्रुवारीत, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी होते. त्याच बागायतदारांच्या चिरंजीवांनी त्या दिवशी मला दारात अडवून फार अदबीनं विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही एक्स्टर्नल का?"

दोन वर्षं मी त्याची शिक्षिका होते.

माझी आई मात्र या विषयाला कधीच घाबरली नाही. आम्ही खर्ड्याकडचे. दसरा झाला की आईवडील कोयते घेऊन कारखान्यावर जायचे आणि मी आत्याकडं राहून शाळा करायचे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी एम.एस्सी. झाले, बरीच वर्षं तासावर शिकवलं आणि मग एकदाची इथं कायम झाले, तेव्हा आई पहिल्यांदा शाळा बघायला आली. मी तिला प्रयोगशाळा दाखवली. हे कॅलरीमीटर, म्हणजे तांब्याचं भांडं. यात तापलेलं पाणी घालायचं, थर्मामीटर धरायचा आणि पाणी गार होताना दर मिनिटाला आकडा लिहायचा.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "पानी तापवायचं अन् गार हुताना बघत बसायचं. याचा पगार देत्यात?"

"देतात."

"मंग कर बाई. कुनाला सांगू नको."

आता तो प्रयोग थोडा सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घाबरू नका, मार्क नाहीत. चुलीवरून उतरवलेला चहा पहिल्या दोन मिनिटांत भराभर निवतो, मग सावकाश, आणि शेवटी कोमट होऊन अडून बसतो. सभोवतालापेक्षा तो जितका जास्त गरम, तितका निवण्याचा वेग जास्त. आणि खोलीपेक्षा गार तो कधीच होत नाही. म्हणून या प्रयोगात पहिला आकडा लिहायचा तो खोलीच्या तापमानाचा. पुढचं सगळं गणित तो आकडा वजा करत चालतं. तो चुकला की खालचा सगळा तक्ता चुकला. आम्ही याला नुसतं 'कूलिंग' म्हणतो.

आमच्या प्रयोगशाळेचे खरे मालक रावसाहेब. आमच्या जिल्ह्यात साहेब व्हायला परीक्षा द्यावी लागत नाही, बारशालाच होता येतं. रावसाहेब, भाऊसाहेब, नानासाहेब, बाळासाहेब. यातले निम्मे शिपाई असतात आणि निम्मे त्यांना 'अहो साहेब' अशी हाक मारणारे. आमचे रावसाहेब प्रयोगशाळा परिचर. माझ्याआधी दोन वर्षं नोकरीला लागलेले, म्हणून ते माझ्याहून ज्येष्ठ आणि ते त्यांनी मला कधी विसरू दिलं नाही. त्यांचं विज्ञान एका वाक्यात मावतं: वापरलं की फुटतं. म्हणून सगळी उपकरणं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली करगोट्याला.

"रावसाहेब, थर्मामीटर काढा चार."

"चार? दोन हायेत चांगले. अन् ते मी इन्स्पेक्शनसाठी ठिवलेत."

"मग पोरांनी प्रयोग कशानं करायचा?"

"वही हाय की मॅडम."

ही वही म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचं मूळपीठ. काळ्या पुठ्ठ्याची, लांबडी, तेलकट. तिच्यात प्रत्येक प्रयोगाची 'चांगली' रीडिंग होती. मुलं ती आपल्या जर्नलमध्ये उतरवायची आणि मी सही करायची. परीक्षेला येताना हुशार मुलं सूत्रं पाठ करून येत आणि फार हुशार मुलं रीडिंग पाठ करून येत.

माझा बचाव मी आत्ताच करून टाकते. पहिली पाच-सहा वर्षं मी भांडले. किल्लीसाठी भांडले, थर्मामीटरसाठी भांडले, आठवड्याला दोन तास तरी मुलांचे हात भांड्यांना लागावेत म्हणून प्राचार्यांकडं अर्ज दिले. मग निवडणुकीची कामं, जनगणना, पोषण आहाराचं मोजमाप, दहावीचं विज्ञान. कधीतरी मी भांडायची थांबले. नेमकी कधी, ते आठवत नाही. पाणी निवतं तसंच. वहीचा मला इतका तिटकारा होता की मी ती कधी उघडूनसुद्धा बघितली नाही. जर्नल मात्र गठ्ठ्यानं सही करत राहिले.

सह्या करताना एक गोष्ट मला सुखवायची. मी इंग्रजी सात काढताना त्याच्या पोटातून आडवी रेघ मारते. कॉलेजातली सवय, एक आणि सात यांची गफलत होऊ नये म्हणून. माझ्या पोरांच्या जर्नलमध्ये प्रत्येक साताला तशीच रेघ असायची. मला वाटायचं, बघा, पोरं वर्गात येवोत न येवोत, काहीतरी उचलतात आपल्याकडून.

आता कोमल. गेल्या वर्षीच्या चौदा डोक्यांतलं एक. वडिलांचं पुणतांब्याच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान, उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. पोरीच्या कपड्यांना नेहमी लोखंडाचा वास. दिवाळीच्या सुट्टीआधी जर्नल घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, आज सत्तावीस कसं?"

"काय सत्तावीस?"

"खोलीचं तापमान. वहीत सत्तावीस आहे. पण आज तर लईच गरम होतंय."

माझ्यापुढं अडतीस जर्नलं पडलेली होती. मी म्हणाले, "लिही गं. परीक्षेपुरतं आहे ते."

तिनं लिहिलं. मी सही केली. साताच्या पोटात रेघ होती.

पण पोरगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. डिसेंबरात दर शनिवारी शाळा सुटली की रावसाहेबांपुढं उभी. "मामा, थर्मामीटर." रावसाहेबांनी शनिवारी लवकर घरी जायचा आपला हक्क चार आठवडे लढवला आणि पाचव्या आठवड्याला हरले. मला येऊन म्हणाले, "मॅडम, ती वेल्डरची पोरगी लई चिवट हाय. दोन थर्मामीटर दिलेत. फुटला तर तुमच्या नावावर." फुटला नाही. तिनं चार शनिवार पाणी तापवलं आणि गार केलं.

फेब्रुवारीत परीक्षा आली. प्रात्यक्षिकाला तीस मार्क असतात. ते कसे मिळतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळं मी फोड करत नाही. दुसऱ्या कॉलेजातून एक बाह्य परीक्षक येतात, म्हणजे एक्स्टर्नल. शाळेतला परीक्षक मी. गुणपत्रकावर दोघांच्या सह्या लागतात. एकाची नसेल तर ते पत्रक म्हणजे नुसता कागद.

त्या दिवशी गुरुवार होता. एक्स्टर्नल सरांचा उपास. साईबाबांच्या राहाता तालुक्यात गुरुवारी निम्मी माणसं उपाशी असतात आणि उरलेली निम्मी त्यांच्यासाठी साबुदाणा भिजत घालतात. सरांसाठी खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी, ताक आणि टेबलफॅन. हो, टेबलफॅन. प्राचार्यांच्या केबिनमधून मुद्दाम आणलेला, कारण प्रयोगशाळेत सत्तावीस अंशांना सर घामानं निथळत होते.

दुपारच्या तुकडीत सात जणांना चिठ्ठीत कूलिंग आलं. सहा जणांनी पाणी तापवल्यासारखं केलं आणि अर्ध्या तासात पाठ केलेला तक्ता उतरवून बसले. कोमल पाऊण तास ढवळत, बघत, लिहीत राहिली. मी ते पाहिलं. छान वाटलं. एवढंच. पुढं काय वाढून ठेवलंय, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

साडेतीन वाजता एक्स्टर्नल सरांनी मला बोलावलं. प्राचार्यही तिथंच होते, पाहुण्यांना सोडायचं नसतं म्हणून.

"मॅडम, या मुलीला मी सोळा दिलेत. बाकी सगळे तीस."

मी पेपर बघितला. कोमलचा. सगळं जागच्या जागी. "का सर?"

"खोलीचं तापमान बघा. चौतीस! सहा जणांचं सत्तावीस आहे, हिचं एकटीचं चौतीस."

"सर, सहा जणांचं सारखं आहे म्हणून ते बरोबर?"

"मग काय एकटीचं बरोबर?"

आमच्या भागात कारखान्याच्या निवडणुका होतात, दूध संघाच्या होतात, सोसायटीच्या होतात. तापमानाचीही होते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते चोवीस वर्षं बिनविरोध निवडून येत होतं. यंदा एका पोरीनं अर्ज भरला, म्हणून एवढा गोंधळ.

मी तोंड उघडणार तोच सरांनी कोमलचं जर्नल पुढं सरकवलं. "आणि हे बघा. हिच्याच जर्नलमध्ये सत्तावीस. खाली तुमची सही. पेपरात चौतीस. म्हणजे दोन्हींतलं एक खोटं आहे. कुठलं, ते तुम्हीच सांगा."

खिचडी खाल्लेल्या माणसाकडून मी इतक्या नेमक्या प्रश्नाची अपेक्षा केली नव्हती. दिवस वेगळे होते म्हणून सुटावं, तर सगळ्याच जर्नलांत तेच सत्तावीस. चौतीस खरं म्हणावं तर माझी सही खोटी. नुसती हिच्या जर्नलवरची नाही, चाळीसच्या चाळीस. आणि सही खरी म्हणावी तर सगळ्या तुकडीत ज्या एकीनं प्रयोग केला तिला सोळा.

प्राचार्य मधे पडले. भला माणूस, कुठलीही गोष्ट मिटवण्यात हातखंडा. "अहो मॅडम, स्टँडर्ड रीडिंगची वही असेल ना आपल्याकडं? आणा. सरांना दाखवा, सत्तावीसच स्टँडर्ड आहे म्हणून. विषय संपला."

मी आतल्या खोलीत गेले. रावसाहेबांनी कपाट उघडलं आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी ती वही हातात घेतली. कूलिंगचं पान काढलं.

खोलीचे तापमान : 27.

साताच्या पोटात आडवी रेघ. खालचे सगळे सात तसेच. अक्षर तिरपं, ऐटदार, नव्यानं नोकरीला लागलेल्या बाईचं.

"रावसाहेब, हे कुणी लिहिलंय?"

"आता बया! तुमचंच हाय की. तुमी पयल्या साली आल्या तवा. श्रावन हुता, झड लागलेली. पोरं नव्हती, तुमी एकट्याच दोन तास पानी घेऊन बसल्या हुता. मी म्हनलं, एवढं झ्याक रीडिंग परत कुटं घावायचं? कागद वहीत डकवून ठिवला जपून."

"वर तारीख होती. वेळ होती. बाहेर पाऊस आहे, हेसुद्धा लिहिलं होतं मी."

"कोपरा उंदरानं खाल्ला," रावसाहेब म्हणाले. "आकडं सगळे वाचलेत."

तो दिवस मला लख्ख आठवला. ओला पदर, पत्र्यावर पावसाचा आवाज आणि माझी स्वतःची पहिली प्रयोगशाळा. आलेखावरची रेघ इतकी सुरेख उतरली होती की मी तो कागद खिडकीशी धरून कितीतरी वेळ बघत होते. ते सत्तावीस शंभर टक्के खरं होतं. त्या दिवसापुरतं. पोरं माझ्याकडून काही उचलत नव्हती. ती गिरवत होती.

वही घेऊन बाहेर आले तर तोवर तडजोड तयारच होती. एक्स्टर्नल सर माणूस वाईट नव्हते. "असं करा मॅडम, मुलीला कोरा कागद द्या. अर्धा तास देतो. सत्तावीस धरून परत लिहू द्या. मीही तीस देऊन टाकतो. पोरीचं नुकसान कशाला?" प्राचार्यांचा चेहरा उजळला. रावसाहेबांनी लगेच कागद काढला. खोलीतला प्रत्येक माणूस त्या पोरीचं भलं करायला निघाला होता. ते तिला सांगायचं काम तेवढं माझ्याकडं आलं.

कोमल बाहेर लिंबाखाली होती. वडील तिला न्यायला आलेले, मोटारसायकल स्टँडला लावून तिच्या शेजारी. मी सगळं सांगितलं. कोरा कागद माझ्या हातात होता.

वडील आधी बोलले. "लिव्ह की गं. आकडाच हाय." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, "मॅडम, तिच्या चुलत्यानं नर्सिंगचा फॉर्म आनून ठिवलाय. म्हनतो, पोरीच्या जातीला फिजिक्स कशाला. मी म्हनलं, मार्क येऊ दे, मंग बोल. आता सोळा आलं तर मी कोन्त्या तोंडानं त्याला न्हाई म्हनू?"

कोमल कागदाकडं बघत नव्हती. "मॅडम, पाणी शेवटी छत्तीसला येऊन अडलं. त्याच्या खाली जाईना. मी सत्तावीस लिहिलं तर त्याला कुठवर नेऊ?"

मी कोऱ्या कागदाची घडी घातली.

"दिवाळीला तुम्ही म्हणालात, परीक्षेपुरतं आहे, लिही. लिहिलं. मग मला वाटलं, जर्नल खोटं असतंय, परीक्षा तरी खरी असंल."

ती उलट बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. 

वडिलांनी एकदा पोरीकडं बघितलं, एकदा वर उन्हाकडं. "पर मॅडम, सत्तावीस? आज? माझ्या दुकानात पान्हा हातात धरवंना. सायबाला सत्तावीस वाटतंय व्हय?" मग पोरीला म्हणाले, "तुज्या मनानं कर बाई. चुलत्याचं मी बघतो."

चुलत्याचं ते बघणार होते. मग साहेबाचं कुणीतरी बघायला हवं होतं. मी कोमलला म्हणाले, "चल."

आत जाऊन मी वही टेबलावर उघडी ठेवली. "सर, हे सत्तावीस माझं आहे. चोवीस वर्षांपूर्वी श्रावणात, पाऊस चालू असताना मी घेतलेलं. त्या दिवशी ते बरोबर होतं. तेव्हापासून सगळी मुलं ते उतरवतात आणि मी सह्या करते. तुम्ही विचारलंत ना, कुठलं खोटं? माझी सही खोटी. पोरीचा आकडा खरा. या सोळावर मी सही करणार नाही. हवं तर मी आत्ता सांगितलं ते पत्रकाच्या खाली लिहा, त्याच्यावर करते."

प्राचार्य उठून उभे राहिले, मग बसले, मग परत उठले. "मॅडम, मॅडम, अहो सगळ्या शाळेचा निकाल..." एक्स्टर्नल सर वहीकडं बघत होते. मग प्राचार्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाले, "आमच्याकडं पंचवीस आहे."

मी म्हणाले, "तुमच्याकडं हवा चांगली असेल."

ते हसले नाहीत. पण गडी शेवटी परीक्षक. पुराव्याशिवाय कसं मानणार? "थर्मामीटर आणा," म्हणाले. रावसाहेबांनी इन्स्पेक्शनच्या दोनांतला, मघाशी कोमलनं वापरलेला थर्मामीटर दोन्ही हातांनी आणून दिला. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं. चौतीस. त्यांना वाटलं, मघाच्या प्रयोगाचा आकडा अडकून राहिलाय. मग त्यांनी तो थर्मामीटर चिमटीत धरला आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा दोनदा जोरात झटकला.

"सर," कोमल हळूच म्हणाली, "तो झटकायचा नसतो. तापाचा झटकतात."

रावसाहेब छताकडं बघायला लागले. प्राचार्यांनी केळ्याची फणी उगाच सरळ केली. सरांनी थर्मामीटर सावकाश खाली ठेवला, पेन उघडलं, सोळावर काट मारली आणि बाजूला एकोणतीस लिहून आद्याक्षरं केली.

"एकोणतीस?" मी विचारलं. "एक कशाचा कापला सर?"

"मॅडम, आता ताणू नका," ते म्हणाले. "सगळ्यांना तीस दिले तर वर शंका येते. एकाला तरी कमी लागतो."

मी सही केली. हे मी झाकून ठेवत नाही. बाकीच्या सगळ्यांच्या तीसवरही केली. त्यातल्या सहा जणांनी थर्मामीटर काठीसारखा धरला होता, हे माहीत असून केली. पत्रकाच्या खाली कुणी काही लिहिलं नाही आणि मीही परत आग्रह धरला नाही. एका पोरीपुरती हिंमत होती, ती संपली होती. अशा रीतीनं त्या वर्षी आमच्या शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सगळ्यांत कमी मार्क पडले ते ज्या मुलीनं प्रात्यक्षिक केलं तिला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर रावसाहेब खुशीत. त्यांनी नवी कोरी वही आणली होती. पहिल्याच पानावर कोमलचा सगळा तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवलेला.

"जुन्या वहीचा लई ताप झाला मॅडम. आता नवीन केलं. चौतीस. तपासलेलं हाय, सायबानं सोता बघितलं."

माणसाला कुठं कुठं समजवायचं? मी दोन्ही वह्या घरी आणल्या. किल्लीही मागून घेतली. करगोट्याची गाठ सुटता सुटत नव्हती, ती रावसाहेबांनी कात्रीनं कापून दिली. एक थर्मामीटर प्रयोगशाळेच्या दाराशी खिळ्याला टांगला आणि जूनपासून सांगितलं, आत येताना आकडा वाचून यायचं, हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, आकडा म्हणायचा. पहिल्या दिवशी पहिला मुलगा म्हणाला, "तेहतीस." मागचे तेराच्या तेरा म्हणाले, "तेहतीस." मी उठून बघितलं. एकतीस होतं.

चालायचंच. अजून एक वर्ष आहे.

कोमलनं नर्सिंगचा फॉर्म भरला नाही. नगरला बी.एस्सी.ला आहे. अहिल्यानगर म्हणायचं आता. जिभेला वळण लागायला वेळ लागतोय. ऑगस्टमध्ये मी प्रयोगशाळेत असताना तिचा फोन आला.

"मॅडम, इथं पण वही आहे."

"असेल की."

"इथली छापील आहे."

मी हसले. मग विचारलं, "मग तू काय केलंस?"

"थर्मामीटर मागितला."

"दिला?"

"आधी सर नुसते बघत राहिले. मग म्हणाले, कुठल्या शाळेची गं तू?"

"मग?"

"सांगितलं की आपल्या शाळेचं नाव. अन् तुमचं पण."

सरांनी ते कौतुकानं विचारलं होतं की वैतागून, हे मी तिला विचारलं नाही. बाहेर झड लागली होती. फोन ठेवला, दारापाशी गेले आणि आकडा वाचला. सव्वीस होतं.